पहिल्या फेरीतली झेंडी

माझ्या आयुष्यात मला सर्वांत जास्त शिव्या ज्या भाषेत पडल्या, ती भाषा मला येत नाही. त्यामुळं माझी झोप कधी उडाली नाही. मराठीत पडलेल्या शिव्या मात्र सगळ्या कळल्या, आणि त्यातल्या काही खरोखर चांगल्या होत्या.

माझा धंदा झेंडीचा. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेनं हातात झेंडी घेऊन जो माणूस सामनाभर वरखाली पळत असतो, त्याला लोक लाइनमन म्हणतात. कागदावर सहायक पंच. मी बाई असल्यामुळं लोकांची अडचण व्हायची. इंदापूर तालुक्यात मी ‘झेंडीवाली मॅडम’ आणि बारामतीत ‘ती फुटबॉलची बाई’. पोटासाठी जळोचीजवळच्या एका शाळेत पीटी शिकवते. पण पीटीच्या बाईला दिवाळी अंकात लिहायला कोण सांगतं? संपादकांना झेंडीचंच ऐकायचं होतं.

माझं माहेर लासुर्ण्याचं. घरी ऊस, त्याआधी आजोबांच्या काळात मेंढरं. जवळच कारखान्याची कॉलनी, तिथं मोठं मैदान, आणि त्या मैदानावर संध्याकाळी मिंगेलकाका नावाचे गोव्याचे फिटर फुटबॉल लावायचे. मी भावाला बोलवायला जायची आणि बघत बसायची. एकदा कडेला झेंडी धरणाऱ्या माणसाच्या पोटरीत गोळा आला. मिंगेलकाकांनी चौफेर बघितलं आणि झेंडी माझ्या हातात दिली. का, तर तिथं जमलेल्या माणसांत कोण जिंकतंय याच्याशी देणंघेणं नसलेली मी एकटीच होते. पंच होण्यासाठी एवढी एकच पात्रता लागते. बाकीचं पळून पळून येतं.

आमच्या भागात फुटबॉल म्हणजे दुष्काळातला पाहुणा. क्रिकेटला गाव लोटतं, कुस्तीला तालुका लोटतो, फुटबॉलला दोन्ही संघ पूर्ण आले तरी आनंद. कोऱ्हाळे बुद्रुकला एकदा ऊस तुटून गेलेल्या रानात स्पर्धा ठेवली होती. फक्की मारून रेषा आखल्या, मी झेंडी घेऊन कडेला उभी राहिले. तेवढ्यात शेजारच्या वावरातून एक तात्या हातात खुरपं घेऊन तरातरा आले.

“बाई, मोजनी कुनी लावली?” त्यांनी विचारलं.

“कसली मोजणी?”

“मग ही झेंडी कशाची? आन हे पांढरं पट्टं? रस्ता न्यायचा असंल तर पल्याडनं न्या. माझ्या रानात खुटी ठोकायची न्हाय, आत्ताच सांगून ठेवतो.”

मी त्यांना सांगितलं, तात्या, ही झेंडी फुटबॉलची आहे. त्यांना ते पटलं नाही. सामना संपेपर्यंत ते माझ्यामागं रेषेवर उभे राहिले. मी पळाले की तेही खुरपं घेऊन पळायचे. मी पुढं जगात कुठंकुठं गेले, पण माझ्यावर इतकी बारीक नजर कुठल्याही निरीक्षकानं ठेवली नाही.

आता ज्यांना फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी झेंडीवाल्याचं काम सांगते. चेंडू बाहेर गेला, कुणाचा, ते दाखवायचं. ते सोपं. अवघड असतं ते ऑफसाइड. आपल्या सोबत्यानं चेंडू मारला त्या क्षणी तुम्ही समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या पुढं, गोलाजवळ जाऊन उभे असाल, आणि मग त्या चेंडूला हात घातलात, म्हणजे पाय घातलात, तर ते चालत नाही. शेवटचा माणूस बहुतेक वेळा गोलकीपर असतो. म्हणजे बघायचा तो त्याच्या आधीचा. हे मी आमच्या सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या म्हणाल्या, “म्हंजी वाढपी निघायच्या आदीच पंगतीत म्होरं जाऊन बसायचं न्हाय. येवढंच ना? त्याला झेंडी कशाला लागती? डोळं वटारलं तरी पुरं.”

एवढंच. पण ते बघायचं कसं? चेंडू मारणारा पाय तिकडं चाळीस पावलांवर, आणि पुढं घुसणारा माणूस इकडं माझ्यासमोर. देवानं डोळे दोन दिले, पण ते एकाच दिशेला लावून दिले. मग आम्ही युक्ती करतो. डोळे रेषेवर ठेवायचे आणि चेंडूला लाथ बसल्याचा आवाज कानानं धरायचा. ‘थप्’ झालं की त्या क्षणाचं चित्र डोक्यात पक्कं करायचं. तोवर सगळे पळून गेलेले असतात. आणि आपण ठामपणे सांगायचं, तू तिथं होतास. तो म्हणतो, नव्हतो. आणि बघणारे सगळे त्याच्या बाजूचे असतात.

हे करताना शेवटून दुसऱ्या माणसाच्या अगदी समोर राहावं लागतं आणि तोंड मैदानाकडं ठेवावं लागतं, म्हणून आम्ही आडवं पळतो. मी कॅनॉलच्या रस्त्यानं सकाळी असा सराव करायची. उसाचे ट्रॅक्टरवाले दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मोठ्यानं गाणी लावून जायचे आणि मला बघून वेग कमी करायचे. एकानं काळजीनं थांबून विचारलं होतं, “ताई, कंबर धरलीय का?” आत्यांचं मत वेगळं होतं. “सरळ पळ की गं. खेकड्यावानी काय पळतीस? लोक मला इचारत्यात, सुनंला काय झालंय म्हनून.”

अशीच खेकड्यासारखी पळत पळत मी आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत गेले. बायकांचे सामने केले. आणि मग एक दिवस कळवण्यात आलं, की विश्वचषकाच्या आशियातल्या पात्रता फेरीत, पुरुषांच्या सामन्यात, माझी नेमणूक झाली आहे. पुरुषांचा सामना करायचा तर पुरुषांच्याच वेळेत पळून दाखवावं लागतं. ते मी दाखवलं होतं, पण कुणी नेमेल असं वाटलं नव्हतं.

आमचे हे, संजय, बारामतीत ठिबकचं सामान विकतात. त्यांनी दुकानात कुणाला तरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही राहतो त्या जळोचीच्या चौकात फ्लेक्स. ‘विश्वचषकासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्यावर कधीही न बघितलेल्या चौदा-पंधरा शुभेच्छुकांचे हसरे चेहरे, खाली कोपऱ्यात माझा लग्नातला डोक्यावर पदर घेतलेला फोटो, आणि मागं, सजावटीला, बॅट आणि तीन स्टंप. महिनाभर लोक मला विचारत होते, बॅटिंग का बॉलिंग?

खरं सांगायचं तर विश्वचषक हे गावचं लग्न धरलं, तर ही पहिली फेरी म्हणजे मांडवासाठी खड्डे खणायचं काम. आशियातले क्रमवारीत सगळ्यांत खालचे देश दोघा-दोघांत लावून देतात. एक सामना तुझ्या घरी, एक माझ्या. दोन्हीचे गोल मिळवायचे, ज्याचे जास्त तो पुढं. पुढं म्हणजे कुठं? पुढच्या फेरीत मोठे देश त्याला गाठून सात-सात गोल मारणार. आणि हरला त्याचं काय? तो त्या दिवशी विश्वचषकातून तर जातोच, पण त्यानंतर कितीतरी काळ त्याला खेळायला नावालाही सामना उरत नाही. त्या संघांत कुणी पोलीस असतो, कुणी बँकेत कारकून, कुणी ड्रायव्हर. रजा काढून खेळायला येतात. हरले की कामावर. म्हणून मोठ्या देशांचे सामने टीव्हीवर बघा, पण जीव तोडून खेळणं बघायचं असेल तर पहिली फेरी बघा. ती टीव्हीवर कुणी दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी.

आमचा सामना होता एका डोंगराळ देशात. समोर आलेला होता एक बेटांचा देश. नावं सांगत नाही. बेटांवर झालेला पहिला सामना डोंगरवाले एका गोलानं हरले होते. म्हणजे इथं घरी त्यांना निदान एक गोल हवाच होता. एक झाला तर बरोबरी आणि जादा वेळ. नाही झाला तर घरी. घरी तर ते होतेच, पण समजून घ्या.

मुख्य पंच होते कोलकात्याचे दासदा. पोट नाही, केस नाहीत, शब्दही फार नाहीत. दुसऱ्या कडेला मिझोरामचा लाला, कायम हसणारा. चौथे एक अधिकारी राखीव. मैदानावर पोचल्यावर यजमानांचा एक लगबग्या गृहस्थ आम्हांला घ्यायला आला. त्यानं तिघांच्या गळ्यात रेशमी उपरणी घातली, माझ्याकडं वळला आणि आदरानं म्हणाला, “डॉक्टर?”

“लाइनमन,” मी म्हटलं.

तो हसला. मग माझ्या पिशवीतून डोकावणारी झेंडी त्याला दिसली आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. बिचाऱ्याची चूक नव्हती. पंचांची खोली एकच होती. माझ्यासाठी वेगळी खोली शोधता शोधता त्यानं मला बँडच्या खोलीत नेलं. राष्ट्रगीत वाजवणारा पोलीस बँड बाहेर गेला होता, पण मोठे ढोल आणि मोडकी पितळी वाद्यं तिथंच होती. मी एका ढोलावर कपडे ठेवून तयार झाले. त्याला म्हटलं, छान खोली आहे. खरंच छान होती. कोऱ्हाळ्यात मी ट्रॅक्टरच्या आडोशाला बूट बदलले होते.

दुपारचा सामना. चौफेर डोंगर, थंड वारा, आणि मैदानाला लागून माणसंच माणसं. प्रत्येकाकडं काहीतरी वाजवायला होतं. पिपाण्या, डबे, शिंगं. आणि माझ्या बाजूला, पहिल्या मिनिटापासून, यजमानांचा नऊ नंबर.

नऊ नंबर म्हणजे त्यांचा पुढचा खेळाडू. सडपातळ, तिशी पार केलेला, कपाळावर पट्टी. तो काही फार वेगवान नव्हता. त्याचं सगळं कसब एकाच गोष्टीत होतं, शेवटून दुसऱ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि चेंडू निघायच्या क्षणी सुटायचं. थोडं आधी सुटलं तर ऑफसाइड, थोडं उशिरा सुटलं तर चेंडू गेला. ज्याचं पोट त्या अर्ध्या पावलावर चालतं, त्याची आणि झेंडीवालीची गाठ पडणारच.

पहिल्यांदा झेंडी वर केली तेव्हा तो माझ्याकडं पळत आला. इंग्रजीत म्हणाला, “मॅडम, बरोबरीत होतो! बरोबरीत!”

“पुढं होता,” मी म्हटलं.

“किती?”

मी नजर पुन्हा रेषेवर नेली. खेळाडूशी हुज्जत घालायची नसते. दुसऱ्यांदा झेंडी केली तेव्हा त्यानं दुरूनच दोन्ही हात जोडले. तिसऱ्यांदा मी झेंडी केलीच नाही, कारण तो बरोबर सुटला होता. चेंडू त्यानं खांबावर मारला. परत येताना माझ्यासमोर थांबून म्हणाला, “आता झेंडी का नाही? आता केली असती तर बरं झालं असतं. निदान लाज वाचली असती.”

मला हसू आलं. ते दाबायला मी बुटाची नाडी बघितल्यासारखं केलं.

गोल होत नव्हता. बेटवाले सगळे मागं येऊन उभे राहिले होते, त्यांना काही करायचंच नव्हतं. उत्तरार्ध सरला. वाया गेलेल्या वेळेची भरपाईची मिनिटं लागली. लोक उभे राहिले आणि हातात होतं ते सगळं वाजवायला लागले. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. आणि मला कळलं, की आता ‘थप्’ ऐकू येणार नाही. माझे कान गेले. आता दोन डोळ्यांवरच भागवायचं.

त्यांच्या मधल्या खेळाडूनं चेंडू घेतला. मी शेवटून दुसऱ्या माणसाच्या समोर. नऊ नंबर त्याच्या खांद्याला. मी नजर रेषेवर ठेवली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या मधल्या माणसाचा पाय मागं जाताना धरला. पाय आला. आणि नऊ नंबरचा गुडघा पुढं होता. अंग नव्हतं, डोकं नव्हतं. गुडघा. पुढच्या क्षणी तो मोकळा पळत होता, गोलकीपर पुढं आला, यानं चेंडू त्याच्या बाजूनं अलगद आत सारला.

ते मैदान उचललं गेलं. मी दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. माणसं कुंपणावरून आत आली. राखीव खेळाडू, पाणी देणारा, बँडचे पोलीस, सगळे पळत होते. आणि मी एका जागी उभी, झेंडी वर.

आधी कुणाला दिसलीच नाही. मग कानातल्या यंत्रात दासदांचा आवाज आला. “पक्का?”

“पक्का.”

“पक्का पक्का?”

“दादा, घुटना आगे था.”

त्यांनी शिट्टी वाजवली आणि हात वर केला. आवाज एकदम थांबला नाही. आधी माझ्या समोरचे लोक गप्प झाले, मग त्यांच्या बाजूचे, असं करत ती शांतता मैदानाला फिरून आली. आणि मग जे सुरू झालं ते मला कळत नसलेल्या भाषेत होतं. मोसंबीची सालं आली, बाटल्या आल्या, एक अर्धं खाल्लेलं कणीस नेमकं खांद्यावर बसलं. खेळाडूंनी मला घेरलं. एकजण रडत होता, एकजण माझ्या बोटाला बोट लावून माझी झेंडी खाली ढकलत होता. नऊ नंबरही आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मागं वळून आपण जिथून सुटलो त्या जागेकडं बघितलं, आणि तिथंच गवतावर खाली बसला.

थोड्या वेळात सामना संपला. डोंगरवाले बाद.

पोलिसांनी आम्हां चौघांना पळवत नेलं आणि सर्वांत मजबूत दार असलेल्या खोलीत कोंडलं. ती बँडची खोली. बाहेर गर्दी दारावर थापा मारत होती, एका सुरात काहीतरी ओरडत होती. दासदा एका पेटीवर बसून मोजे काढत होते. मागं सरकता सरकता लालाचं कोपर मोठ्या ढोलावर बसलं. धडाम्!

बाहेर एकदम चिडीचूप. आम्ही एकमेकांकडं बघितलं. “फिर से मत बजाना,” दासदा दबक्या आवाजात म्हणाले. पण लालाला धक्काच बसला होता, तो ढोलाला टेकून उभं राहायला गेला आणि पुन्हा धडाम्! आता बाहेर कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. त्या लोकांना काय वाटलं देव जाणे, पण राग आणि हसू एका तोंडात मावत नाही. हळूहळू थापा थांबल्या. तो लगबग्या गृहस्थ चहा घेऊन आत आला, माझ्यापुढं कप ठेवला आणि डोळे पुसत म्हणाला, “लाइनमन, साखर?”

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळ. विमानतळ लहान, आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडएवढा. पासपोर्ट तपासायच्या रांगेत मी उभी राहिले. माझी पाळी आली, पासपोर्ट पुढं केला, वर बघितलं. काउंटरमागं, इस्त्रीच्या गणवेशात, नऊ नंबर.

कपाळावर पट्टी नव्हती, म्हणून आधी ओळखलं नव्हतं. त्यानं मला लगेच ओळखलं. पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग पासपोर्ट मिटून बाजूला ठेवला. मनात आलं, झालं, आता इथंच राहायचं. जळोचीत काय सांगायचं?

शेजारच्या काउंटरवरचा एकजण उठून आला. मग दुसरा. मग आतून चष्मा लावलेले एक वयस्कर साहेब आले. सगळे काल मैदानावर होते, हे त्यांच्या तोंडांवर लिहिलेलं होतं. साहेबांनी इंग्रजीत, अतिशय नम्रपणे विचारलं, “मॅडम, आम्हांला फक्त समजून घ्यायचं आहे. दाखवता का?”

आणि त्यांनी काउंटरवर रबरी शिक्के मांडले. चहाचा मग गोलकीपर. शाईचं पॅड म्हणजे गोल. एक लाकडी मुठीचा शिक्का शेवटून दुसरा माणूस. त्याच्या शेजारी काळ्या मुठीचा, तो नऊ नंबर. साहेबांनी दोन्ही शिक्के एका ओळीत ठेवले. “बरोबरीत,” ते म्हणाले.

मी काळा शिक्का बोटभर पुढं सरकवला. “पुढं.”

त्यांनी मागं घेतला. मी पुढं. दुसऱ्या अधिकाऱ्यानं तर त्याला आणखी मागं नेऊन ठेवलं, म्हणजे त्याच्या मते तो गोल दोनदा धरायला हवा होता. मागं रांगेतल्या एक गठुडंवाल्या बाई पुढं आल्या आणि चहाचा मगच हलवला. त्यांचं म्हणणं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दासदा पलीकडून घड्याळ दाखवत होते, पण विमान सुटणार नव्हतं. त्याला सोडणारी माणसं सगळी आमच्या काउंटरवर होती.

हे सगळं चाललं असताना नऊ नंबर आपल्या खुर्चीत गप्प बसला होता. शेवटी साहेबांनी त्याच्याकडं वळून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तो उठला. मांडणी बघितली. काळा शिक्का उचलला, लाकडी शिक्क्याशेजारी ठेवला, आणि मग एका बोटानं, अगदी थोडासा, पुढं सारला.

साहेबांनी चष्मा काढला. त्या गठुडंवाल्या बाईंनी नऊ नंबरच्या दंडाला एक जोराची चापट मारली आणि आपल्या जागेवर निघून गेल्या.

त्यानं तोच काळा शिक्का पॅडवर दाबला आणि माझ्या पासपोर्टवर मारला. पासपोर्ट देताना इंग्रजीत म्हणाला, “मला तेव्हाच माहीत होतं. आवाजामुळं मी थोडा लवकर सुटलो. मला वाटलं, तुम्हांलाही आवाजामुळं कळणार नाही.”

“वाईट वाटलं,” मी म्हटलं. तेवढंच सुचलं.

“आता आमचे सामनेच नाहीत,” तो म्हणाला. “कोच म्हणतो, सोमवारपासून सराव. मी विचारलं, कशाचा? तर तो शिट्टी पुसत बसला.” मग जरा थांबून, “माझी बायको अजून मानत नाही. ती म्हणते, गोल होता. कधी भेटलात तर तिला सांगू नका.”

विमानात मी खिडकीकडं तोंड करून बसले. दासदांनी न विचारता आपला रुमाल माझ्या मांडीवर ठेवला. “रोना है तो रो लो,” ते म्हणाले, “लेकिन डिसिजन सही था.” मला तेच तर नको होतं. निर्णय चुकला असता तर निदान स्वतःवर रागावता आलं असतं. मी बरोबर होते आणि एका अख्ख्या देशाचा खेळ बंद करून घरी चालले होते.

घरी आत्यांनी सामना संजयच्या मोबाइलवर बघितला होता. “दिसलीच न्हाईस,” त्या म्हणाल्या. “सारा येळ कोपऱ्यात एक झेंडी तेवढी हलत हुती. आन शेवटाला त्या पोरानं येवढा गोल केला, तर ती झेंडी आडवी आली. कोन हुतं ते?”

“मीच.”

आत्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. मग म्हणाल्या, “जेवलीस का?”

त्यानंतर मी आणखी सामने केले, पण तसा नाही. गुडघा कुरकुरायला लागला. पळण्याच्या चाचणीत शेवटच्या फेरीला मी कमी पडले आणि यादीतून माझं नाव निघालं. आता शाळेतल्या पोरी आडवं पळायला शिकताहेत आणि त्यांच्या आया मला विचारतात, मॅडम, कंबर धरंल का?

मध्यंतरी पुन्हा ती पात्रता फेरी आली. तीच खालच्या देशांची पहिली फेरी. सोडत बघितली, तर डोंगरवाले होते. समोर दुसराच देश. मी आणि आत्या घराच्या ओट्यावर मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो. आत्यांना मी मधल्या काळात शिक्क्यांची सगळी गोष्ट सांगितली होती. डोंगरवाले तीन गोलांनी मागं होते, म्हणजे संपल्यातच जमा. आणि अगदी शेवटी त्यांनी एक राखीव खेळाडू आत पाठवला. कपाळावर पट्टी. अंग सुटलेलं. पण उभा राहिला तो थेट शेवटून दुसऱ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून.

“ह्योच का तुझा शिक्क्यावाला सायेब?” आत्या पुढं सरकल्या.

“हाच.”

“लई म्हातारा झाला की गं.”

“त्याला दुसरं काही येत नाही, आत्या.”

चेंडू आला. तो सुटला. चेंडू आत. मैदानाभोवतीचे मूठभर लोक उठले, तो दोन्ही हात पसरून पळत सुटला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात झेंडी वर.

आत्या ओट्यावरून उठल्याच. “आरं ए झेंडीवाल्या! डोळं फुटलं का तुजं? तीन गोल खाल्ल्यात त्यांनी, एक दिला आसता तर तुज्या बापाचं काय जात हुतं? बघतोस काय मुडद्या, खाली घे ती झेंडी!” शेजारचे लोक दारात आले. आत्या थांबेनात. त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्या त्यांनी जळोचीच्या ओट्यावरून काढल्या.

मी ऐकत राहिले. त्या डोंगरात माझ्या नावानं अशीच कुणीतरी म्हातारी उठली असणार, अशाच जीव तोडून शिव्या दिल्या असणार, आणि मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. आता कळत होतं. फार चांगल्या होत्या.

“आत्या,” मी म्हटलं, “झेंडी बरोबर होती. तो पुढं होता.”

“आसंल,” आत्या खाली बसत म्हणाल्या. धाप लागली होती. तांब्यातलं पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मोबाइल माझ्याकडं सरकवला. “तरी त्याला कुनाकडनं तरी निरोप धाड. म्हनावं, हितं जळोचीत गोल धरलाय.”